एक झाकण तेल

समजा, तुम्हाला गाडीच्या एसीत गॅस भरायचा आहे. बॉनेट उघडा. निळी नळी जाड पाइपला जोडा, लाल नळी बारीक पाइपला. आत उरलासुरला जुना गॅस मशीनमध्ये ओढून घ्या. मग पंप लावा आणि आतली हवा, ओल अर्धा तास बाहेर खेचत राहा. पंप बंद करून गेजकडे बघत उभे राहा. काटा जागचा हलला तर कुठेतरी गळती आहे, शोधत बसा. नाही हलला तर वजन करून नेमका सांगितला तेवढा गॅस आत सोडा, नळ्या काढा, बॉनेट आपटा. झालं.

पहिल्यांदा कराल तेव्हा प्रत्येक पायरी कागदात बघून कराल. शंभराव्या वेळी कागद लागणार नाही. आणि तीस वर्षं रोज हेच केलंत तर तुम्ही स्वतःसुद्धा लागणार नाही. हात आपले आपण काम उरकतील आणि तुम्ही खुशाल शेजारच्याशी गप्पा मारत असाल. अशात संध्याकाळी कुणी विचारलं, "मधली ती अमुक पायरी आज दुपारी केली होतीत का?" तर सांगता येईल? छातीठोकपणे?

झाकणकाकूंना सांगता येईना.

झाकणकाकू हे नाव ऐकून नवा माणूस दचकतो. त्याला वाटतं, कुणीतरी बाईंचा अपमान करतंय. पण गॅरेजच्या त्या गल्लीत, जिथे एका बाजूला डेंटिंगवाले आणि दुसऱ्या बाजूला बॅटरीवाले, टायरवाले, मोटर वाइंडिंगवाले बसतात, तिथे हे नाव आदरानं घेतलं जातं. त्यामागचं कारण त्यांच्या सासऱ्यांपासून सुरू होतं. एसीचं हे दुकान सासऱ्यांचं. मुलाला, म्हणजे काकूंच्या नवऱ्याला, बस चालवायची होती. त्यानं ती आयुष्यभर चालवली आणि आता निवृत्त होऊन घरचा स्वयंपाक चालवतो. दुकानात डबा पोचवायला येणारी सून मात्र डबा ठेवून निघून जाईना. "मामंजी, ही नळी गार आणि ती गरम का?" इथपासून तिचे प्रश्न सुरू झाले. सासरे वैतागून म्हणाले, "सूनबाई, इतकं विचारतेस तर पदर खोच आणि पाना धर." तिनं धरला.

सासऱ्यांनी शिकवलेलं सगळं त्या विसरल्या असतील, पण एक नियम विसरल्या नाहीत. गॅस भरला की सोबत एक झाकण तेल. गिऱ्हाइकानं मागो न मागो. गॅस गळतो तेव्हा थोडं तेलही त्याच्याबरोबर जातं, आणि तेलाशिवाय कॉम्प्रेसर आतून घासून मरतो. बाकीचे नुसता गॅस भरून मोकळे व्हायचे. काकू डब्याचं झाकण काढायच्या, त्याच झाकणात तेल ओतायच्या, झाकणातून पिचकारीत, पिचकारीतून पाइपमध्ये. मग झाकण पुसून पुन्हा डब्यावर, घट्ट. हे तेल हवेतली ओल भराभर पितं, म्हणून डबा एक क्षणही उघडा ठेवायचा नाही. काकूंच्या हातच्या गाड्यांचे कॉम्प्रेसर पंधरा-पंधरा वर्षं चालले. लोक दुरून यायचे. "काकू, एक झाकण टाका हं," असं म्हणायचे, डॉक्टरकडे टॉनिक मागावं तसं.

मग इलेक्ट्रिक गाड्या आल्या.

पहिली गाडी दारात आली तेव्हा काकूंनी बॉनेट उघडलं, आत डोकावल्या आणि बंद केलं. "यात पट्टाच नाही," त्या म्हणाल्या. पट्टा नाही, इंजिन नाही, मग कॉम्प्रेसर फिरवतं कोण? उत्तर नारिंगी केबलमध्ये होतं, आणि तिला हात लावला तर माणूस जागीच खलास. गिऱ्हाइकाला परत पाठवताना काकूंचा चेहरा असा झाला की जळलेल्या मोटरींच्या तारा गुंडाळणाऱ्या शेजारच्या वाइंडिंगवाल्यानं त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. आणि टोमणा न मारलेला त्याचा तो बहुधा आयुष्यातला एकच दिवस.

काकूंनी दोन दिवसांचं प्रशिक्षण केलं. वय अठ्ठावन्न, बाक शेवटचा. शिकवणारी मॅडम त्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाची. तिनं एक कॉम्प्रेसर मधोमध कापून टेबलावर ठेवला होता. "इथे बघा. कॉम्प्रेसर फिरवणारी मोटर बाहेर नाहीये. आतच आहे. गॅस आणि तेल तिच्या तारांवरूनच वाहतात. म्हणून या गाड्यांना वेगळं तेल लागतं. त्यातून करंट जात नाही. जुन्या गाड्यांचं तेल यात थोडंसं जरी मिसळलं, तरी तारांवरचा करंट त्या तेलातून गाडीच्या पत्र्याकडे गळायला लागतो. गाडीच्या कॉम्प्युटरला ते कळतं आणि तो गाडी सुरूच होऊ देत नाही. मग कॉम्प्रेसर बदलण्यावाचून इलाज नाही."

काकूंनी वहीत लिहून घेतलं. एक प्रश्न त्यांच्या मनात आला होता, पण पुढच्या बाकांवरची पोरं एवढ्या झपाट्यानं इंग्रजीत प्रश्न टाकत होती की काकूंचा हात वर गेला आणि डोक्यावरचे केस सारखे करून खाली आला.

त्यानंतर त्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळ्या नळ्या घेतल्या, वेगळी पिचकारी घेतली, नव्या तेलाचा छोटा डबा घेतला, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घेतले. गल्लीत हे काम करणाऱ्या त्या एकट्याच.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी सकाळी एक जुनी टॅक्सी झाली, गॅस आणि एक झाकण. दुपारी साडेबाराला काकूंच्या ओळखीचे एक ग्रंथपाल आले. सोबत त्यांची बायको. त्यांची सात सीटची इलेक्ट्रिक गाडी मागच्या आठवड्यापासून हवी तशी गार होत नव्हती. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं अकरा दिवसांनंतरची तारीख दिली होती, आणि यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघायचं होतं.

"काकू, कसंही करून करा," ग्रंथपाल म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे आमचं."

काकूंना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्या बाई लाँड्रीत कामाला होत्या. एका सकाळी मोठ्या इस्त्रीच्या मशीनची वाफेची नळी फुटली. पाठ, मान, दोन्ही दंड भाजले. जीव वाचला, मांडीचं कातडं काढून तिथे लावलं, जखमा भरल्या. पण लावलेल्या कातड्याला घाम येत नाही. आणि घाम आला नाही तर माणूस आतल्या आत तापत जातो. उन्हात अर्धा तास गेला की बाईंचा चेहरा लाल व्हायचा, डोकं गरगरायचं, उलट्या व्हायच्या. ती गाडी त्यांनी हौस म्हणून घेतली नव्हती. घरातून फोनवर बटण दाबलं की गाडी बसायच्या आधीच गार व्हायची. कुठे तासभर थांबावं लागलं तरी, इंजिन नसल्यामुळे, गुपचूप गार राहायची. बाई तिला गाडी म्हणतच नसत. "माझी खोली काढा," म्हणत.

त्या खोलीत बसून उद्या तीनशे दहा किलोमीटर जायचं होतं. लेकीनं जनावरांचा दवाखाना थाटला होता, आणि आईनं तो अजून फोनवरच्या फोटोतच पाहिला होता. दोन वर्षांत बाई हॉस्पिटलपलीकडे कुठे गेल्या नव्हत्या.

काकूंना तासाभरात गळती सापडली. नळी जोडायच्या तोंडाशी एक छोटी वॉल्व्हची पिन असते, तिचं रबर गेलं होतं. पिन बदलली, पंप लावला, गेज पाहिलं. काटा ढिम्म. बाई पंख्याखाली बसल्या होत्या, खांद्यावर ओला टॉवेल, हातात न्हाव्याकडे असते तशी पाण्याची फवाऱ्याची बाटली. मध्येच स्वतःच्या मानेवर एक फवारा मारून त्या म्हणाल्या,

"काकू, हा गॅस माणसात भरता येतो का हो?"

"कशाला?"

"माझी पण गळतीच आहे ना. कूलिंग बंद, रेडिएटर जाम. बघा, किती ग्रॅम लागेल."

"ताई, तुमचं मॉडेल जुनं. आता पार्ट मिळायचे नाहीत."

"मग भंगारात काढायचं म्हणता?"

"सरांना विचारा. त्यांच्या नावावर आहे गाडी."

ग्रंथपाल चष्मा पुसत म्हणाले, "मला तर वाटायचं, मी हिच्या नावावर आहे." आणि दुकानात असा काही हशा उसळला की वाइंडिंगवाला हातातली तार टाकून बघायला आला. काकू हसत हसतच काम करत होत्या. गॅस सोडला, नळ्या काढल्या, वीस मिनिटं एसी चालवून पाहिला. मागच्या सीटवरसुद्धा हुडहुडी भरेल असा गारवा. बाई आत जाऊन बसल्या, काच खाली करून म्हणाल्या, "स्वर्ग!" आणि गाडी गेली.

पाच वाजता काकू हत्यारं जागेवर लावायला लागल्या. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात जुन्या तेलाचा डबा होता. उघडा. आणि झाकण त्याच्या शेजारी उताणं पडलेलं, आत तेलाचा ओलसर थर.

काकूंनी झाकण उचलून उजेडात धरलं.

डबा उघडा राहणं शक्यच नव्हतं. तीस वर्षांत राहिला नव्हता. सकाळच्या टॅक्सीनंतर तो बंद केला असेल, तर दुपारी कुणीतरी उघडला. आणि दुकानात उघडणारं दुसरं होतंच कोण? त्यांनी डोळे मिटून दुपार आठवायचा प्रयत्न केला. ग्रंथपालांचा चष्मा आठवला. बाईंची फवाऱ्याची बाटली आठवली. "माझी पण गळतीच आहे" आठवलं. आपले हात तेवढ्या वेळात काय करत होते, ते काही केल्या आठवेना. हसण्याच्या भरात हातांनी सवयीनं झाकण काढलं, एवढं नक्की. पुढे ओतलं? की मध्येच थांबून तसंच ठेवलं? पिचकाऱ्या दोन्ही पुसून जागेवर होत्या. डब्यात तेल आधी किती होतं, ते कुणी मोजलंय! झाकणानं काम करणारी बाई मोजायच्या भानगडीत पडत नाही.

एक वाईट विचार आलाच. गाडी वीस मिनिटं चालवून पाहिली होती, एकही दिवा लागला नव्हता. कदाचित काहीच झालं नसेल. झालं असलं तरी कुणाला कळणार आहे, तेल कुणी घातलं ते? पण मग दुसरं चित्र डोळ्यासमोर आलं. भर दुपार, अर्ध्या वाटेवर कुठेतरी माळावर चार्जिंगला थांबलेली गाडी, आणि निघताना ती सुरूच होत नाही. एसी नाही. सावली नाही. आणि आत ती बाई.

त्यांनी ग्रंथपालांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाईंचा नंबर त्यांच्याकडे नव्हता.

शेजारी वाइंडिंगवाला शटर ओढत होता. काकू त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तुझा मेगर घे आणि स्कूटर काढ."

मेगर म्हणजे लाकडी पेटीतलं हँडलचं यंत्र. मोटरची तार गुंडाळून झाली की करंट बाहेर गळत नाही ना, हे त्यावर बघतात. हँडल फिरवलं की काटा सांगतो. काटा शेवटच्या टोकाला, अनंताच्या खुणेवर गेला की गळती अजिबात नाही. खाली आला की मोटर खराब.

"आता? कुणाची मोटर जळली?" त्यानं विचारलं.

"माझी," काकू म्हणाल्या. मग रस्त्यात, स्कूटरच्या मागच्या सीटवरून, त्याच्या कानात ओरडून सगळं सांगितलं.  सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "काकू, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं नसतं."

"म्हणून तर बोलतेय. सिग्नल सुटला, चल."

ग्रंथालय बंद व्हायला वीस मिनिटं होती. फोन का उचलला नाही, ते आत शिरताच कळलं. दारातच पाटी होती, फोन बंद ठेवा, शांतता राखा. ग्रंथपाल पुस्तकांवर शिक्के मारत होते. त्यामुळे आयुष्यातली सगळ्यात अवघड कबुली काकूंना कुजबुजत द्यावी लागली.

"सर, माझ्याकडून कदाचित चूक झालीये."

"कसली?"

"तुमच्या गाडीत चुकीचं तेल गेलं असेल. गेलंच असं नाही. गेलं असेल."

ग्रंथपालांचा शिक्का हवेतच राहिला. "असेल म्हणजे?"

"म्हणजे मला आठवत नाहीये."

"आठवत नाहीये?" हे जरा मोठ्यानं निघालं. वर्तमानपत्रामागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "शूऽऽ" केलं. ज्यांनी आजवर जगाला गप्प केलं, त्यांनाच कुणीतरी गप्प केलेलं बघून वाइंडिंगवाल्याला हसू आवरेना. तो कपाटाकडे तोंड करून उभा राहिला.

"उद्या सहाला निघायचंय, काकू," ग्रंथपाल पुन्हा खाली आवाज आणून म्हणाले. "ती आठवडाभर बॅग भरतेय. रोज भरते, रोज काढते, रोज भरते. तिला काय सांगू मी?"

"काही सांगू नका. मी सांगते. आधी मोजू."

बाईंनी दार उघडलं तेव्हा बॅग खरोखरच दारात उभी होती. काकूंनी चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

"तेल गेलं असेल तर?"

"तर कॉम्प्रेसर नवीन लागेल. तो मी माझ्या पैशांनी बसवीन. पण यायला तीन आठवडे लागतील."

"तीन आठवडे," बाई म्हणाल्या. एवढंच. बॅगेचं हँडल त्यांनी आत दाबून बसवलं. ते काकूंना शिव्या खाण्यापेक्षा जास्त लागलं.

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये काकूंनी आधी पंधरा मिनिटं एसी पूर्ण जोरात चालवायला लावला. वाइंडिंगवाल्याला कळेना. "तेल गेलं असेलच तर पाइपांच्या कोपऱ्यात लपून बसलेलं नको," त्यांनी सांगितलं. "मोटरपर्यंत फिरून येऊ दे. मापायचं तर नीट मापायचं, मनाला बरं वाटावं म्हणून नाही." मग गाडी बंद केली, कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले आणि मोठ्या बॅटरीचा जोड तोडणारा प्लग ओढून काढला.

"आता?" ग्रंथपाल.

"आता दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. आतला साठलेला करंट उतरायला लागतात."

ती दहा मिनिटं मोठी होती. ग्रंथपाल घड्याळाकडे बघत होते. ऊन उतरलं होतं, पण फरशीतून धग येतच होती. नवऱ्यानं दोनदा सांगूनही बाई वर जायला तयार नव्हत्या. मानेवर फवारे मारत पायरीवर बसून राहिल्या. "माझ्या पेशंटचा रिपोर्ट आहे," म्हणाल्या. "मी नको?"

वेळ झाली. काकूंनी आधी मीटर लावून करंट खरंच उतरलाय याची खात्री केली. मग कॉम्प्रेसरची नारिंगी केबल सोडवली, मेगरचा एक चिमटा आतल्या पिनला, दुसरा पत्र्याला लावला आणि मान हलवली. वाइंडिंगवाल्यानं हँडल फिरवलं.

काटा उठला, थरथरला आणि दोनच्या आकड्यापाशी येऊन थांबला.

 वाइंडिंगवाल्यानं आणखी जोरात फिरवलं. दोन. काकूंनी आकडा पाहिला आणि बंपरला धरून खाली बसल्या. तीस वर्षांचं नाव, मामंजींचा नियम, दोन दिवसांचं प्रशिक्षण, सगळं त्या दोनमध्ये होतं. पण त्यांना ते काही आठवत नव्हतं. त्यांना फक्त दारातली बॅग दिसत होती.

"गेली का?" बाईंनी विचारलं.

काकू उत्तर द्यायला उठल्या आणि उठता उठता थबकल्या. बॉनेटमध्ये वाकल्या. मघाच्या गारव्यानं जाड पाइपवर दव साचलं होतं, ग्लासवर साचतं तसं. आणि पाइपचा वाक नेमका त्या पिनांच्या वर येत होता. एक थेंब लोंबकळत होता. पिनांच्या भोवतालची कड ओली होती.

"थांबा," काकू म्हणाल्या. "हिला घाम आलाय."

"गाडीला?" बाई पायरीवरून उठल्या. "नशीबवान आहे मेली!"

"पाणी आहे हे, पाणी! करंट पाण्यातून जातोय, तेलातून नाही. म्हणजे... नाही म्हणजे, कळेल आता. काहीतरी कोरडं, गरम काहीतरी द्या. केस सुकवायचं मशीन आहे का घरात?"

होतं. दोन वर्षं कपाटात पडून होतं. गरम वाऱ्याचं मशीन बाईंना काय कामाचं! ग्रंथपाल धावत वर गेले, एका दमात खाली आले, तळमजल्याच्या खिडकीतून वायर घेतली. काकूंनी पाइप पुसला, कड पुसली, आणि पार्लरमध्ये नवरीचे केस सुकवावेत इतक्या निगुतीनं त्या पिना सुकवल्या. पाच मिनिटं. मग आणखी दोन.

"फिरव."

त्यानं फिरवलं. काटा उठला. दोनवरून पुढे, दहावरून पुढे, पन्नास, शंभर, आणि सरळ जाऊन शेवटच्या टोकाला टेकला. तो फिरवणं थांबवेना. खाली यायचं नावच नाही.

"अनंत!" वाइंडिंगवाला ओरडला, मुलगा झाल्याची बातमी द्यावी तसा. "काकू, अनंत!"

"अजून एकदा."

"अहो, दहादा फिरवतो!"

तीनदा फिरवलं. तिन्ही वेळा टोकाला.  मग काकू हातमोज्यांसकट पायरीवर बाईंच्या शेजारी बसल्या आणि घळाघळा रडल्या. त्यांना स्वतःलाच ते कळलं नाही. बाईंनी त्यांच्या तोंडावर एक फवारा मारला तेव्हा कळलं.

"अहो ताई, काय हे!"

"तापलात तुम्ही. माझ्याकडे एवढंच औषध आहे."

ग्रंथपाल गाडीला टेकून उभे होते. चष्मा काढून पुसत होते, आणि तो पुसून होत नव्हता. थोड्या वेळानं म्हणाले, "मघाशी मी ग्रंथालयात आवाज चढवला. वीस वर्षांत पहिल्यांदा."

"आणि लगेच झापून घेतलंत," वाइंडिंगवाला म्हणाला. आता त्याला कपाटाकडे तोंड करायची गरज नव्हती. तो पोट धरून हसला, आणि सगळेच हसले.

काकूंनी केबल जोडली, प्लग बसवला, गाडी सुरू केली. कुठलाच दिवा नाही. घरी फोन करून नवऱ्याला सांगितलं, "अहो, उशीर झाला, पण सगळं ठीक आहे." तो म्हणाला, "काय ठीक आहे?" त्या म्हणाल्या, "येऊन सांगते. भूक लागलीये." त्याला आश्चर्य वाटलं, दुकानातून आल्या आल्या भूक लागली असं त्या कधी म्हणत नसत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दुकानात फोन आला. बाई होत्या. शेवटच्या टप्प्याआधी चार्जिंगला थांबल्या होत्या.

"बाहेर एक्केचाळीस आहे. आत चोवीस. आमचे हे पाय मोकळे करायला उतरले आणि दोन मिनिटांत परत आले. मी मात्र उतरलेच नाही. मागच्या सीटवर पाय पसरून बसलेय, जेवतेय, आणि सगळ्या जगाला घाम पुसताना बघतेय. काकू, दोन वर्षांनी असं उलटं बघतेय मी."

"गाडी परत सुरू करून बघितली?"

"तुमचं लक्ष तिथेच! बघितली. तीनदा. झाली."

संध्याकाळी लेकीच्या दवाखान्याच्या पाटीखाली उभ्या असलेल्या आईचा फोटो आला. वाइंडिंगवाल्यानं तो गल्लीभर दाखवला, जणू गाडी त्यानंच ओढत नेली होती.

काकूंनी दुकानात आता एक बदल केला आहे. इलेक्ट्रिक गाडी आली की जुना डबा शेजारी वाइंडिंगवाल्याकडे जातो आणि गाडी जाईपर्यंत तिथेच राहतो. तो डबा देताना म्हणतो, "मुकाट्यानं सही करा." काकू खरंच सही करतात.

पण एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. काटा अनंतावर गेला, हे खरं. पण त्यावरून ओतलं नव्हतं असंच ठरतं का? की ओतायला सुरुवात झाली होती आणि ती हसण्यामुळेच थांबली? चार-दोन थेंब गेले असतील आणि ते एवढ्या मोठ्या पोटात विरघळून गेले असतील, तर? चौथ्या दिवशी त्यांनी धीर करून प्रशिक्षणाच्या मॅडमना फोन लावला, आणि सगळी हकीकत सांगितली.  ऐकून मॅडम म्हणाल्या, "काकू, हे तुम्ही वर्गात का नाही सांगत? पुढच्या बॅचला या. बोलायला या, शिकायला नाही."

"येते की. पण मॅडम, माझा एक प्रश्न आहे. तेव्हाच विचारायचा होता, राहून गेला."

"विचारा ना."

काकूंनी वही उघडली, चष्मा लावला, आणि शेवटच्या बाकावर बसून लिहिलेल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुम्ही म्हणालात, थोडंसं जरी मिसळलं तरी. तर हे थोडंसं म्हणजे नेमके किती थेंब हो?"